खुर्चीपर्यंत

१

माझ्या कामात थोडं फसवावं लागतं, आणि ते मी मन लावून करते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या, मोडलेल्या, ऑपरेशन झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करणं हा माझा धंदा. नुसतं ‘चाला’ म्हटलं तर कोणी चालत नाही. म्हणून समोर एक खुर्ची ठेवायची आणि म्हणायचं, तिथपर्यंत या, मग बसा. वॉकर धरून नव्याने चालणारा माणूस मान खाली घालून स्वतःच्या पावलांकडेच बघत असतो. तो जवळ आला की मी खुर्ची हळूच थोडी मागे ओढते. खुर्चीच्या पायांना खालून जाड कापडाचे तुकडे चिकटवलेले आहेत, त्यामुळे आवाज होत नाही. मीसुद्धा तेव्हा फक्त मोजे घालते. शेवटी माणूस बसतो, किती लांब आलो ते बघतो आणि स्वतःवरच खूश होतो. एवढ्या वर्षांत मला कोणी पकडलं नाही.

क्लिनिकच्या भिंतीवर मी एक पाटी लावली आहे. ‘पोहोचण्याची घाई नको, चालण्यातच मजा आहे.’ लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. मला ती पाटी आवडायची.

बाबांनी जन्मभर लांब पल्ल्याची बस चालवली. आई गेल्यापासून ते त्यांच्या गावच्या घरात एकटेच राहत होते. तिथे बाथरूममध्ये घसरले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि ते माझ्याकडे आले. मुलगी याच कामातली, त्यामुळे कोणाला वेगळा विचार करावा लागला नाही. शुद्धीवर आल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता, मला माझ्या घरी जायचंय. शेवटी दादाने, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, त्यांच्याशी ठरवून टाकलं. माझ्या घरातला पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न थांबता चालायचा आणि शेवटच्या भिंतीजवळच्या खुर्चीत जाऊन बसायचं. ते जमलं की दादा येणार आणि त्यांना घरी नेऊन सोडणार. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारावं असं काही त्यात नव्हतंही.

पॅसेज साधा आहे. अलीकडे बाबांच्या खोलीचं दार, मध्ये बाथरूम, पलीकडे कोरी भिंत. त्या भिंतीत कमरेच्या जरा वर एक खिळा आहे. पूर्वी तिथे उभा आरसा होता, त्याचा हा खालचा खिळा. खुर्ची ओढत मी पाठमोरी मागे जाते तेव्हा मला मागचं दिसत नाही. पाठीला खिळा टोचला की समजायचं, भिंत आली, आता बाबांना बसू द्यायचं. रोज खुर्ची बाथरूमपाशी ठेवायची, बाबा जवळ आले की ओढायची. रोज ते थोडं जास्त चालत होते. खिळा टोचायच्या आतच त्यांची दमछाक व्हायची, मग मी खुर्ची त्यांच्या मागे आणून त्यांना बसवायची.

२

त्या दिवशी बाबा फार छान चालत होते. वॉकर पुढे, आधी ऑपरेशनचा पाय, मग दुसरा. टक, सर्र, टक, सर्र. श्वाससुद्धा लागला नव्हता. बाथरूम मागे पडलं आणि मला कळून चुकलं की आज ते पोहोचणार.

मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी माझ्या डोळ्यांसमोर माझं जेवणाचं टेबल आलं. माझं लग्न टिकलं नाही त्याला बरीच वर्षं झाली. बाबा यायच्या आधी मी रात्रीचं जेवण स्वयंपाकघरात उभ्यानेच, भांड्यातूनच खायची. बाबा आल्यापासून दोन ताटं मांडली जात होती. ते बसमधल्या प्रवाशांच्या गोष्टी सांगायचे आणि त्याच त्याच गोष्टींना मी हसायची. ते गेले की मी पुन्हा उभ्याने जेवणार, असं माझ्या मनात आलं. इतका क्षुद्र विचार, पण आला. आणि मी खुर्ची ओढली.

खिळा टोचला नाही.

पुन्हा ओढली. पाठीला काहीच लागलं नाही. बाजूची पांढरी भिंत सरकत होती, बाबा मान खाली घालून येत होते, आणि मी मागे जात होते. वाटलं, आज खुर्ची चुकून अलीकडे ठेवली असेल. आणखी ओढली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, तो आवाज शेजारच्यांच्या घरातून यावा इतका लांब गेला होता. बाबांचे दंड थरथरायला लागले. ते थांबले.

“नाही जमत आज,” ते म्हणाले. “फार लांब वाटलं गं.”

“होतं असं एखाद्या दिवशी,” मी म्हटलं. खुर्ची त्यांच्या मागे नेऊन त्यांना बसवलं आणि भिंतीकडे बघितलं. भिंत होती तिथेच होती, हात लावता येईल इतकी जवळ, आणि खिळाही जागेवर होता. मी बोट लावून पाहिलं. मी इतकी वर्षं राहते त्याच घरातला पॅसेज, तेवढाच होता. मी दमले असेन, झोप झाली नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. अशा वेळी माणूस स्वतःला काहीही पटवतो. पण बाबांना पाणी देताना मला हायसं वाटलं होतं, ते मात्र झोप न झाल्यामुळे नव्हतं.

३

जेवताना मी त्यांना क्लिनिकमधली पाटी सांगितली. खरं तर समजूत घालायला.

बाबा हसले. “हे बसमध्ये लाव. गाडी वेळेवर नाही पोचली की लोक तुझी पाटी तुझ्याच डोक्यात घालतील.”

“पण रस्त्याची मजा असतेच ना?”

“असते. मला होती. मी चालवत होतो.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “मागे बसलेल्याला विचार. एवढ्या वर्षांत एक माणूस उतरताना म्हणाला नाही, काय छान रस्ता होता. पोचलो का, एवढंच विचारतात. आणि बरोबर आहे त्यांचं. पोचायचंच नसेल तर घरून निघेल कशाला कोणी?”

“तुम्हाला कंटाळा आलाय का माझ्याकडे?”

“तसं नाही गं,” ते म्हणाले, आणि ताटात बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं होतं की खिळा आला नाही तर तिथेच थांबायचं. थांबले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आता तर मला माहीतच होतं की खिळा येणार नाही, आणि तरी मी ओढत होते. का येत नाही, याचा विचार मी आंघोळ करताना, भाजी चिरताना, क्लिनिकमध्ये दुसऱ्यांचे गुडघे वाकवताना करायची, आणि पॅसेजमध्ये उभी राहिले की करायची नाही. पॅसेज मला हवं ते देत होता. तो का देतोय हे विचारलं तर द्यायचा थांबेल, अशी मला भीती वाटायची.

मग खुर्ची हलकी झाली. लाकडाची जुनी, जड खुर्ची आहे ती, ओढून ओढून माझं मनगट दुखायचं. एके दिवशी ती बोट लावताच सरकायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला की ती निघायची. बाबा वॉकर उचलतात त्याच क्षणाला खुर्ची ओढायची असते, म्हणजे वॉकर सांभाळण्याच्या नादात काही कळत नाही. ही अक्कल माझी आहे, मी ती वर्षानुवर्षं कमावली आहे. खुर्ची बरोबर त्याच क्षणाला सरकत होती, कधीकधी माझ्या किंचित आधी.

त्या दिवशी बसल्यावर बाबा म्हणाले, “तुझ्या मागे कोण असतं गं रोज?”

“कुठे?”

“मी चालतो तेव्हा. पाय दिसतात.”

“माझेच असतील.”

“तुझे मोजे असतात. ते अनवाणी असतात. म्हातारे पाय आहेत.” त्यांनी वॉकर बाजूला ठेवला. “लादी गार आहे. काहीतरी घालायला दे त्यांना.”

४

त्याच दिवशी दादाचा फोन आला. नेहमीचंच, किती चालले, कधी येऊ न्यायला. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “दादा, बाबांना भास व्हायला लागलेत.”

“कसले भास?”

“घरात कोणीतरी अनवाणी फिरतंय म्हणतात. त्यांना चपला द्या म्हणतात. अशा माणसाला तिकडे एकटं कसं ठेवायचं तूच सांग.”

दादा म्हणाला, “मग राहू दे तुझ्याकडेच. घराचं काय ते बघू.”

“बघ, तू म्हणशील तसं,” मी म्हटलं. आवाजात काळजी होती. ती मी मुद्दाम घातली नव्हती, आपोआपच आली, आणि म्हणूनच मला स्वतःची किळस आली. कारण बाबा सांगत होते ते भास नाहीत, हे जगात फक्त मलाच माहीत होतं. खुर्ची कोण ओढतंय ते मी पाहिलं नव्हतं, पण मी एकटी ओढत नाही हे माझ्या हाताला कळत होतं. बापाला वेडं ठरवायला मी तेच वापरलं.

फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की बाबांच्या खोलीत दिवसभर लागलेला असतो तो रेडिओ बंद आहे. दार उघडंच होतं.

जेवताना त्यांनी विचारलं, “दादाशी बोललीस?”

“हो. तुमची चौकशी करत होता.”

त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, “मी पुन्हा नाही बोलणार त्या पायांबद्दल. तुला अडचण होते त्याने.”

मी उठून भांडी घासायला लागले. ताटं अजून रिकामी झाली नव्हती तरी घासायला लागले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

५

शेवटी दादा म्हणाला, रविवारी मी येतो आणि स्वतःच बघतो.

रविवारी सकाळी बाबांनी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला आणि बॅग भरून पलंगावर ठेवली. एवढं खोटं झाल्यावरही त्यांना आशा होती. ती बॅग बघून मी ठरवलं की आज ओढायची नाही. माझा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून खुर्ची भिंतीला टेकवली आणि मीच तिच्यात बसले. खुर्चीच्या पाठीला उभ्या पट्ट्या आहेत. त्यांच्या फटीतून खिळा मला टोचत होता. तो टोचतोय याचं मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम मागे रेलले.

“आज मी इथे बसते, बाबा. तुम्ही आलात की उठते.”

“बरं,” ते म्हणाले, आणि मान खाली घालून निघाले.

टक, सर्र. टक, सर्र. बाथरूम मागे पडलं. त्यांच्या विरळ केसांचा भांग मला दिसत होता, पाण्याने चापून बसवलेला. दादासाठी. थोडंच उरलं होतं. आणि खिळा टोचायचा थांबला.

मी आणखी मागे रेलले. पाठीला फक्त पट्ट्या लागल्या.

बाबा चालत होते आणि जवळ येत नव्हते. त्यांचा वॉकर उचलला जायचा तेव्हा खुर्ची मला घेऊन सरकायची, टेकायचा तेव्हा थांबायची. कसलाही आवाज नव्हता. माझ्या उजव्या कानामागे कोणीतरी श्वास रोखून धरला होता. मीही असाच धरते. पेशंटला कळू नये म्हणून.

तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण काय ओरडणार? बाबा थांबा, कोणीतरी खुर्ची ओढतंय, एवढं म्हणायचं तर तुला कसं कळलं याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. उलट सवयीने मी म्हणाले, “छान, बाबा. आलंच.” आणि माझ्या मागून, माझ्याबरोबर, कोणीतरी तेच अगदी हळू पुटपुटलं.

बाबांचा शर्ट छातीवर घामाने भिजला. दंड थरथरायला लागले. तरी ते थांबत नव्हते, आज दादा येणार होता ना. शेवटी माझ्याच्याने बघवेना.

“बाबा, थांबा. मी खुर्ची ओढायची. रोज. तुम्ही केव्हाच पोचला असता.”

ते थांबले. मान वर केली नाही.

“माहीत आहे,” ते म्हणाले.

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. खाली बघून चालतो म्हणजे डोळे मिटून चालत नाही मी. तुझे मोजे मागे मागे जाताना दिसतात की.”

“मग बोलला का नाहीत?”

“मान वर केली असती तर तुला लाज वाटली असती.” त्यांना धाप लागली होती. “आणि वाईट कुठे चाललं होतं? जेवायला सोबत होती. म्हटलं, ओढू दे पोरीला थोडी. दमली की थांबेल.”

मला रडू आलं. त्यांनी वॉकरवर भार दिला आणि लादीकडे बघत राहिले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, “पण आता तुझे पाय खुर्चीच्या पुढे आहेत गं.”

ते थांबले होते. खुर्ची थांबली नव्हती.

मी खुर्चीच्या हातावरून वाकून खाली बघितलं. खुर्चीच्या मागच्या पायांपाशी दोन अनवाणी पावलं होती, बोटं माझ्याकडे, टाचा पलीकडे. मागे जाताना ती लादीवर इतकी जपून पडत होती, इतकी संकोचून, की मला भीतीच्या आधी ओळख वाटली. आपण काय करतोय ते कोणाला कळू नये असं ज्याला वाटतं, त्याची पावलं अशी पडतात. वर बघायचं धाडस मला झालं नाही. मी उठायला गेले तर खांद्यावर एक हात आला आणि त्याने दोनदा थोपटलं. बसा, विश्रांती घ्या, म्हणत मी पेशंटला थोपटते तसं. त्यात जोर काहीच नव्हता, पण नंतर मला उठता येईना.

६

बेल वाजली.

ती खूप लांब वाजली, बाबांच्याही पलीकडे, पॅसेजच्या पहिल्या टोकाला, जिथे माझं घर होतं. दादा आला होता. बाबांनी आवाज ऐकून पहिल्यांदाच मान वर केली. त्यांचा चेहरा लहान दिसत होता. खुर्ची आता सावकाश जात होती, घाई कोणालाच नव्हती.

“बाबा,” मी ओरडले, “मागे वळा. दार तुमच्या मागे आहे. जा.”

त्यांनी खांद्यावरून मागे बघायचा प्रयत्न केला. एक पाय हलवला, थबकले, पुन्हा जागेवर आणला. वॉकर लटपटला.

“कसं वळू?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना वळायला शिकवलंच नव्हतं. ते खुर्चीत बसले की मी खुर्चीच त्यांच्यासकट फिरवायची, तोंड खोलीकडे करून द्यायची, मग ते उठून सरळ चालत जायचे. पुढे चालायला मी त्यांना शिकवलं, फक्त पुढे. नव्या खुब्याच्या माणसाने एका पायावर गिरकी घेतली तर तो पडतो, खुबा निखळतो, आणि मग सगळं संपतं. बाबांना हे ऑपरेशनच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यामुळे ते घाबरून उभे होते.

वळणं अवघड नाही. वॉकर थोडा बाजूला फिरवायचा, मग त्याच्यामागे बारीक बारीक पावलं टाकायची, पुन्हा वॉकर, पुन्हा पावलं. दोन वाक्यांचं काम. लांबून ओरडून सांगता येण्यासारखं. माझा आवाज अजून त्यांच्यापर्यंत पोचत होता. क्लिनिकमध्ये मी ती दोन वाक्यं दिवसभर म्हणत असते.

बेल पुन्हा वाजली. दादाने दारावर थाप मारली, हाकही मारली असावी. बाबा माझ्याकडे बघत होते, मी काय सांगते त्याची वाट बघत. मी तोंड उघडलं. माझ्या खांद्यावरचा हात तसाच होता, त्याने मला अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं.

मी काहीच बोलले नाही.

बाबांना ते कळलं. त्यांना सगळंच पहिल्यापासून कळत असे. त्यांनी माझ्यावर राग धरला नाही. मला बघणं अवघड जाऊ नये म्हणून त्यांनी मान खाली घातली, वॉकर उचलला आणि माझ्या दिशेने पुढे टेकवला.

“तू बसून राहा,” ते म्हणाले. “मी येतो.”

तेव्हापासून ते येतायत. बेल कधीच ऐकू येईनाशी झाली आहे. त्यांचं पाऊल मात्र स्पष्ट ऐकू येतं, आणि ते माझ्याकडे येतंय हे ऐकून मला बरं वाटतं. सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.